उपाशीपोटी

"या काकू, इथं झोपा," सोनोग्राफीच्या टेबलाकडे हात करत डॉक्टर शरयू शालूबाईंना म्हणाल्या.

"मी नाही, मॅडम. माह्या पोरीची कराची हाय."

डॉक्टरांनी मागे उभ्या पूनमकडे पाहिलं. त्यांचा तरी काय दोष? शालूबाई चाळिशी उलटलेल्या, अंगानं भरलेल्या, तीन लेकरांची आई, वर आठवड्याला दोन-तीन कडक उपास. पित्ताशयातले खडे अशाच बायांना जास्त छळतात. पूनम मात्र कॉलेजात शिकणारी, अंगानं काडी.

"हिच्या वयात खडे सहसा होत नाहीत. ॲसिडिटी असेल."

ॲसिडिटी! हा शब्द ऐकून ऐकून शालूबाईंचे कान किटले होते. गावातल्या डॉक्टरांनी तीच म्हणून गोळ्या दिल्या. नवरा पंजाबराव तर म्हणाला, "समोसे कमी खाय म्हणा." त्यानं गाडी काढली नाही, तेव्हा मायलेकी एसटीनं खामगावला आल्या. पूनमला उपाशीपोटी आणायला सांगितलं होतं. लेक उपाशी, म्हणून शालूबाईंनीही चहाला तोंड लावलं नव्हतं.

"जेवलं की उठते ते दुखणं," शालूबाई म्हणाल्या. "उजव्या बरगडीखाली. मंग पाठीत, खांद्यात चढते. उलटी केली तरी सुटत नाही. पाह्यल्याशिवाय मी इथून हलत नाही."

डॉक्टर हसल्या आणि पूनमला झोपवलं. पडद्यावर चित्र आलं तसं त्यांचं हसू मावळलं.

"खडे आहेत. बरेच आहेत. ऑपरेशन करावं लागेल."

"करू," शालूबाई लगेच म्हणाल्या. नवऱ्याला विचारते, असंसुद्धा म्हणाल्या नाहीत.

"पूनम, बरं झालं तू आईला सगळं नीट सांगितलंस."

पूनम गोंधळली. "मी तर फक्त पोट दुखते म्हणलं होतं. खांद्याचं मी कोणालेच सांगतलं नव्हतं."

शालूबाई उगाच पदर सारखा करू लागल्या.

"आई, तुले कसं ठाऊक?"

"माहं सोड. तू पोटात होती तवापासून हाय ते. घरच्या कामात कोण पाह्यते? माहं भागते."

पूनमला रडू आलं. स्वयंपाकघरात ओट्याला धरून वाकलेली आई तिनं किती वेळा पाहिली होती. दर वेळी आई म्हणे, कंबर धरली.

डोळे पुसून ती टेबलावरून उतरली आणि तिनं आईचं मनगट घट्ट पकडलं.

"तूही सकाळपासून उपाशीच हाय. झोप इथं. पाह्यल्याशिवाय मी इथून हलत नाही."