तीन मिलिमीटर

"मॅडम, आकडा?" तक्ता घेऊन बसलेल्या ज्युनियरने विचारलं.

खुर्चीत गोदामावशी आ करून बसल्या होत्या. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या दाढेपासून हिरडी सहा मिलिमीटर सुटलेली होती. मी दात साफ केले, मिश्री लावणं बंद करायला सांगितलं. तरी शेवटी शस्त्रक्रिया लागणारच, असं धरून मी तारीखही लिहून ठेवली होती. एमडीएसच्या परीक्षेला बसायला ठरावीक शस्त्रक्रिया कराव्या लागतात, आणि माझी तेवढी एकच कमी पडत होती. याआधीचे दोन पेशंट ऐनवेळी फिरकलेच नव्हते.

आज मात्र मोजायचा प्रोब तीनवरच अडला. थोडा दाबला असता तर पाचपर्यंत गेला असता, आणि पाच असले की शस्त्रक्रियेची केस होते. तीन वर्षांत मी इतकी दमले होते, की हाताचा भार आपोआप प्रोबवर पडू लागला. मावशींनी डोळे घट्ट मिटले, पण तोंड तसंच उघडं ठेवलं.

मी प्रोब उचलला. "तीन."

"मागच्या खेपेला तर सहा होते ना गं? कमी झाले म्हणजे बिघडलं का?" मावशी धास्तावल्या. "चाळीस वर्षांची मिश्री सोडली मी, तू म्हणालीस म्हणून."

"ऑपरेशन नको आता, मावशी," मी म्हणाले, आणि पुढच्या पेशंटसाठी ज्युनियरकडून कोरा तक्ता मागून घेतला.