गरम झालं की बंद

उतार सुरू झाला आणि इंजिन पुन्हा आचके द्यायला लागले. "झालं गरम," दाजी मशीनवरूनच म्हणाले. बाजूने चालणारा मेकॅनिक इंजिनाकडे वाकला.

गवत कापायचे हे बसून चालवायचे मशीन शाळेचे. ते चालवायचे काम दाजींचे आणि दुरुस्त करून देण्याचा शब्द मेकॅनिकचा, म्हणजे दाजींच्या धाकट्या मेहुण्याचा. महिनाभर एकच रडगाणे चालले होते. सपाट मैदानावर मशीन शहाण्यासारखे चाले. तापून मागच्या उतारावर पोचले की धापा टाकू लागे. मेकॅनिकने प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, कॉइल नवी टाकली. दर वेळी स्वतः बसून उतारावर चालवून पाहिले, तर मशीन अगदी गुणी बाळ. दाजी बसले की ये रे माझ्या मागल्या. आता मुख्याध्यापिकांनी सांगून टाकले होते, आज उतार कापून झाला नाही तर उद्यापासून हे काम बाहेरची माणसे करतील.

या वयात दाजींना दुसरीकडे कोण उभे करणार, या विचाराने ताईची झोप उडाली होती. सकाळी तिने भावाला दारातच गाठले. या मेल्या मशीनने माणूस अर्धा केला, म्हणाली. जेवण जात नाही, ताट तसेच सरकवतात आणि विचारले तर मशीनचे टेन्शन म्हणतात. दाजींनी हसत पट्ट्याला पाडलेले नवे भोक दाखवले. मेहुण्यांच्या कृपेने पोट गेले, व्यायाम वाचला, म्हणाले. मेकॅनिकही हसला, पण ते त्याला लागले.

आता इंजिन खोकत होते आणि तो कान देऊन ऐकत होता. कापलेल्या गवतावरून त्याचा पाय सटकला. पडू नये म्हणून त्याने दाजींच्या गादीची कड धरली आणि सगळा भार तिच्यावर टाकला. इंजिन एकदम सुरळीत झाले.

त्याने हात काढला. इंजिन अडखळले. मुद्दाम गादी दाबली, सुरळीत. सोडली, पुन्हा आचके.

गादीखाली एक खटका असतो. चालवणारा पडला तर पात्यांखाली सापडू नये म्हणून गादीवरचा भार उठताच तो इंजिन बंद करतो. तिथली वायर सैल असणार, एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, म्हणून स्वतःवर चरफडत त्याने दाजींना उतरवले आणि गादी उलटी केली. वायर घट्ट होती. स्प्रिंग धड होती, खटका स्वच्छ होता. तापण्याशी कशाचाच संबंध नव्हता. उतारावर अंग एका बाजूला झुकते आणि गादीवरचा भार थोडा हलका होतो, इतकेच. पण याच उतारावर, याच गादीवर बसून दाजी कित्येक वर्षे गवत कापत आले होते.

मेकॅनिकने गादी पुन्हा सरळ केली. त्याने दाजींना पुन्हा बसवले आणि हत्यारांची जड पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"ही कशाला?"

"धरा तर खरं, दाजी."

मशीन सगळा उतार फिरले, एकदाही न अडखळता. दाजींचा शर्ट वाऱ्याने फुगला होता आणि आतला माणूस केवढासा उरलाय, हे मेकॅनिकला आता दिसत होते. पट्ट्याचे जास्तीचे टोक कमरेला वळसा घालून पाठीमागे लोंबत होते.

"ताईला कळवा, मेहुणे," दाजी खुशीत ओरडले. "काळजी मिटली."

त्याने फोन लावला. ताईने पहिल्याच घंटेला उचलला आणि बिघाड सापडला का, असे विचारले.

"मशीनला काही झालेलंच नव्हतं, ताई," तो म्हणाला. "त्याला दाजींचं वजन कमी पडत होतं. आवरून बस, आजच दवाखान्यात जाऊ."