तोंड हललं की झालं

“मावशी, तोंड नुसतं हलवा. एक-दोन-तीन म्हटलं तरी चालेल. आवाज नंतर तमिळमध्ये भरतात,” सहायक दिग्दर्शक स्नेहल म्हणाली.

“काय पन बोलू?” सखूबाईंनी पुन्हा विचारलं.

“काहीही.”

कोन नावाच्या गावात, सखूबाईंच्या ओटीवर शूटिंग लागलं होतं. फौजी घरी येतो आणि बापाच्या मारेकऱ्यांवर चालून जातो, असा मारधाडीचा तमिळ सिनेमा. आईच्या कामाला आणलेली नटी दिग्दर्शकाला फारच गुळगुळीत वाटली, म्हणून त्याने घरमालकिणीलाच उभं केलं.

गावाला हसावं की रडावं कळेना. सखूबाईंचा प्रणितही फौजीच. बाप, कमळाकर, भरावाच्या डंपरखाली चिरडला गेला आणि डंपरमालक जामिनावर मिशा पिळत हिंडू लागला. प्रणित सुट्टीवर आला, भर नाक्यावर त्या मालकाचा मुडदा पाडला आणि पळाला. त्याला तीन आठवडे झाले. घराची झडती झाली, काही सापडलं नाही. पोरगा आईला भेटायला येणारच, या भरवशावर हवालदार अविनाश समोर चिंचेखाली खुर्ची टाकून बसून असायचा.

“सिनेमात टाळ्या पडतात, मावशी. इथे जन्मठेप,” तो म्हणाला. “आला तर हजर व्हायला सांगा.”

“माजा पोर तुमच्या हाती लागू नये, येवढंच मागनं हाय देवाकडं,” सखूबाई तोंडावर म्हणाल्या.

स्नेहल पाणी प्यायला आत गेली. चुलीपाशी भाकऱ्यांची चळत होती.

“एकटीला एवढ्या?”

“हाताची सवय, बाय. जात नाय.”

खुंटीवर प्रणितचा गणवेश होता, धुऊन इस्त्री केलेला. “आमच्या सिनेमातल्या जवानांचेही अगदी असेच आहेत,” स्नेहल म्हणाली आणि तिला भरून आलं.

“त्यांच्या तोंडाचा तो काला रंग जरा दे ग. हिरोला तीट लावते. गोरागोमटा पोर, नजर लागंल.”

स्नेहलने हसत अख्खी डबी दिली.

शॉट साधा होता. हिरोमागून दहा जवान, तोंडाला काळा रंग फासलेले, घरातून बाहेर पडणार. आई प्रत्येकावरून भाकरतुकडा ओवाळून टाकणार. ते ट्रकमध्ये चढणार, ट्रक निघून जाणार.

सखूबाईंनी एकेकाला ओवाळलं. शेवटच्यापाशी त्यांचा बांध फुटला.

“मागं बगू नको. मी मेले तरी येऊ नको. पोटभर बगितला तुला, आता जा.”

तो जवान वाकला, त्यांच्या पाया पडला आणि धावत ट्रकमध्ये चढला. ट्रक हायवेकडे वळला.

हवालदारानेही रुमाल काढला. “काय बाई काम केलंत! बोललात काय पण?”

“तोंड हलवलं,” सखूबाई म्हणाल्या. त्या तिथेच ओटीवर बसल्या.

अर्ध्या तासाने ट्रक परतला. स्नेहलने दहा जणांना जेवणाची पाकिटं वाटली. दिग्दर्शक खूश होता.

“पाया पडलेला कोण? सांगितलं नव्हतं, पण झकास केलं. सर बोलावतायत,” स्नेहल म्हणाली.

दहाही जण एकमेकांकडे बघू लागले. “मी नाही,” एक म्हणाला. “मीपण नाही,” दुसरा म्हणाला.

हवालदार खुर्चीवरून उठला आणि बूट न काढताच आत गेला.

खुंटी रिकामी होती.