घरातला बूट

बूट पायात गेला आणि पौर्णिमाच्या तोंडून नकळत "हाश्श" निघालं.

"सापडला बाप्पा एकदाचा!" कुलदीपने रुमालाने मान पुसली.

हे चौथं दुकान होतं. सकाळच्या एसटीने चांदूर रेल्वेहून निघालेले हे नवरा-बायको अमरावतीच्या उन्हात ऑटो बदलून बदलून पार दमले होते. पहिल्या दुकानात सगळे बूट पुरुषी मापाचे, दुसऱ्यात नेमका डाव्या पायाचाच शिल्लक, आणि तिसऱ्याचा मालक जेवायला गेलेला. दीड तास वाट पाहिली, तरी त्याचं जेवण काही संपलं नाही.

पौर्णिमाच्या उजव्या पायाचं ऑपरेशन होऊन बावीस दिवस झाले होते. दवाखान्यातून मिळालेला काळा बूट विटेसारखा जड होता आणि घोटा सोलून काढत होता. दुसरा घ्या, डॉक्टर म्हणाले होते, पण अजून दीड महिना बुटाशिवाय पाऊल टाकायचं नाही. घरातसुद्धा.

घरातसुद्धा म्हटल्यावर प्रश्नच मिटला होता. त्यांच्याकडे देवघर स्वयंपाकघरातच, आणि त्या उंबऱ्याच्या आत पायताण घेऊन आजवर कोणी गेलेलं नव्हतं. दवाखान्यातून, बसस्टँडवरून आलेला बूट तर नाहीच नाही. सासूबाईंनी, म्हणजे पार्वताबाईंनी, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "तू बाहीरच बस."

पौर्णिमा बाहेर बसली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि ओट्यापासून इतके दिवस लांब ती माहेरीसुद्धा कधी राहिली नव्हती. भाकरी सासूबाई थापायच्या, वरणभात कुलदीप लावायचा, भाजी कधी शेजारून यायची, कधी यायचीच नाही. कोणी उपाशी राहिलं नाही. ती दुपारी झोपायची, उठायची, पुन्हा झोपायची. घरच्यांची तारांबळ पाहून तिला वाईट वाटायचं, खरंच वाटायचं. पण अंगात किती वर्षांचा शीण साचलाय ते तिला आत्ता कुठे कळत होतं. पाय बरा व्हायला थोडा वेळ लागला तर बरंच, असं एकदोनदा मनात येऊन गेलं आणि तिने स्वतःलाच दटावलं.

दुकानाचे मालक अब्दुल रहीम पुढ्यात पाटावर बसून बुटाचे पट्टे लावत होते. चाळीस वर्षं लोकांचे पाय मांडीवर घेतलेला माणूस.

"हा खास घरात वापराले हाय," ते म्हणाले. "हलका. खालचं रबर धुता येते."

कुलदीपच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याने तिथूनच आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"माय, घरातल्या घरात घालाचा बूट भेटला. कोरा हाय. आत चालन काय?"

पलीकडे पार्वताबाईंनी आधी खात्री करून घेतली.

"रस्त्याले लागला नाई न?"

"नाई व. घरी गेल्यावरच घालन ते."

"मंग चालते. देवघराच्या अंगानं नको जाऊ म्हणा. सांजीले ये म्हणा मंग ओट्यापाशी. माहे गुडघे बी आता बोलून राहिले बापू."

फोन ठेवून कुलदीप बायकोकडे वळला. चांगली बातमी आणल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"पाह्य, जमलं का नाई! तुलेच करमत नव्हतं न बसून बसून?"

तसं ती म्हणाली होती खरं. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला म्हणाली होती. आजारी बाईने दुसरं म्हणायचं तरी काय असतं?

"चालून पाहा ताई दोन पावलं," अब्दुल रहीम म्हणाले.

ती उठली. काउंटरपर्यंत गेली, परत आली. बूट मऊ होता, घोट्याला कुठे लागत नव्हता, पाऊल सरळ पडत होतं. सासूबाईंचे गुडघे आठवले. संध्याकाळचा ओटा आठवला, सकाळचा आठवला, परवाचा, तेरवाचा. ती खुर्चीवर बसली.

"चावते," ती म्हणाली.

"चावते?" कुलदीप उडालाच. "आत्ता तर काई बोलली नाई!"

"आता चावते."

"कुठं चावते?" अब्दुल रहीमनी विचारलं.

पौर्णिमाने पायाकडे पाहिलं. बावीस दिवसांत पहिल्यांदाच तो कुठेही दुखत नव्हता. जागा शोधायला तिला वेळ लागला. मग तिने करंगळीजवळ बोट ठेवलं.

"इथं."

त्यांनी तिथे अंगठ्याने दाबलं. आत चांगली बोटभर जागा होती. त्यांनी मान वर केली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते दुखण्याने नव्हे, हे ओळखायला चाळीस वर्षं पाय पाहावे लागत नाहीत.

त्यांनी एकेक पट्टा सोडवला आणि बूट हलकेच काढून घेतला.

"हा ताईले चालत नाई, साहेब. जखमेवर घासन. तोवर या जुन्यातच मऊ फोम बसवून देतो, घोट्याले लागणार नाई. घरातला दुसरा मागवा लागते."

कुलदीपने सुस्कारा सोडला. पुन्हा आईला फोन लावला आणि तो कानाशी धरून दाराशी गेला. थोडं ऐकलं आणि तिथूनच वळून ओरडला, "चाचा, माय विचारून राहिली, किती दिवस लागतीन?"

अब्दुल रहीम बूट खोक्यात ठेवत होते. मान खालीच ठेवून त्यांनी पौर्णिमाला हळूच विचारलं,

"किती सांगू?"