दहा तासांची थ्री फेज

वेगवान कणांचा झोत एकाच जागी आदळत राहिला तर धातूची चकती वितळते, म्हणून मुंबईच्या एका प्रयोगशाळेतल्या प्रवेगकासाठी करुणाने चकती सतत सरकती ठेवणारी यंत्रणा बनवली होती. बंद पेटीतली हवा पंपाने काढून ती सलग दहा तास चालवून दाखवायची होती. इंदापूरजवळच्या तिच्या वर्कशॉपात तीन वेळा सातव्या तासालाच थ्री फेज वीज गेली होती, कारण शेतीपंपांची ती लाइन रोज दुपारी दोनला बंद होई. आज शेवटची चाचणी होती. तपासायला आलेले साहेब वर्कशॉपात यंत्रासमोर बसले होते आणि ही फसली तर दोन वर्षांचं काम दुसऱ्याच्या हाती जाणार होतं.

दोनला पाच मिनिटं असताना ती लुना भिंतीला टेकवून धापा टाकत सबस्टेशनात शिरली. ऑपरेटर सावळारामतात्यांनी हँडलवर हात ठेवला होता.

"तात्या, पाया पडते, आज लाइन बंद करू नका. पंप थांबला तर सगळं संपलं माझं."

"रोज कोन ना कोन हेच म्हनतंय, ताई. पानी किती ओढतोय पंप?"

करुणाला खोटं बोलता येईना. "पाणी नाही हो. नुसती हवाच ओढतोय."

तात्यांचा हात थबकला. "कवापासनं?"

"तीन आठवडे झाले."

तात्यांनी हँडल सोडलं.

 

"जा पोरी, आज न्हाय बंद करत. धीर सोडू नगं, लागंल पानी."