काकुजीने तुडवलेली पानं

वसंतातला वारा सुटला आणि शिगेनोचं शेत पुन्हा उडू लागलं. तांबूस धूळ चहाच्या झुडपांच्या कुंपणावरून शेजारी तोमेकिचीच्या अंगणात जाऊन पडली.

"वहिनी, आज तुमचं शेत माझ्या सारात होतं," कुंपणापलीकडून तोमेकिची म्हणाला. "उद्या जरा दाट पाठवा."

उपाय शिगेनोला ठाऊक होता. बांधावर, पेंढ्याच्या चटईखाली तो झाकलेला होता. तिच्या नवऱ्याने, काकुजीने, शेवटच्या हिवाळ्यात रचलेला ओकच्या पानांचा ढीग. ती रानातली पानं झाडून द्यायची आणि तो बांबूच्या मोठ्या टोपलीत उभा राहून ती दाबून भरायला तुडवायचा. तिची पावलं हलकी, म्हणून तिला कधी टोपलीत उतरू दिलं नाही. दोन वर्षांत पानांची काळी माती होई. ती मिसळली की शेत ओल धरी, वाऱ्याला दाद देत नसे. तो गेल्यापासून तिने पानं झाडली नव्हती आणि हा ढीगही फोडला नव्हता. त्याच्या पायांनी केलेलं एवढंच उरलं होतं.

"गव्हाची मुळं उघडी पडलीत," तोमेकिची आता हसत नव्हता. "तो असता तर शिव्या घातल्या असत्या तुम्हाला."

"घालायला असायला हवे होते ना."

दुपारी तिने चटई काढली. कमरेइतका ढीग खचून गुडघ्याला आला होता. एकही पान ओळखू येईना. तिने आत हात घातला. ऊब लागेल असं तिला उगीचच वाटलं होतं. माती गार होती, ओली होती. बराच वेळ तिने हात काढला नाही. मग फावडं उचललं.

संध्याकाळी वारा परत आला. शेताच्या उघड्या राहिलेल्या टोकाकडची धूळ उडाली. काळी माती पडली होती तिथलं काही हललं नाही.

"मेल्यावरही बिचाऱ्याला कामाला लावलंत," तोमेकिची म्हणाला.

"तीन वर्षं नुसतं बसवून ठेवलं होतं. त्यांना कुठे सवय होती."

तिने माळ्यावरची टोपली काढली, जळमटं झटकली आणि रानाच्या कडेला, नेहमीच्या जागी नेऊन ठेवली. चार कवळे पानं टाकून आत उतरली. तिथून समोर, पानं घेऊन ती स्वतः उभी राहायची ती जागा दिसत होती.