करकर

"पांचाळकाका, चावी देताना अजून करकर होतेय," तिसऱ्यांदा ग्रामोफोन परत आणत सामंतबाई म्हणाल्या.

पांचाळांनी कान लावून चावी फिरवली. स्प्रिंग नवी होती, ग्रीस ताजं होतं. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. "भास होतोय तुम्हाला," ते तडकले आणि त्यांनी आतून बायकोला बोलावलं. "तू सांग, येतोय का आवाज?"

तिनं मान खाली घातली. "येतोय. दिवाळीपासून तुम्ही दुरुस्त केलेल्या सगळ्यांतूनच येतोय."

"मग बोलली का नाहीस?"

"चाळीस वर्षं कानांच्या भरवशावर पोट भरलंत. तेच गेलेत, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

पांचाळांनी सामंतबाईंना दुसऱ्या कारागिराचा पत्ता लिहून दिला. मग फळीवरच्या सात ग्रामोफोनांवरच्या 'तयार' लिहिलेल्या चिठ्ठ्या त्यांनी एकेक करून काढल्या.